जावईबापूंनी घेतलेली खोली

लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा जावईबापूंनी आम्हा दोघांना शारजाला बोलावलं. व्हिसा त्यांनी काढला, तिकिटं त्यांनी काढली आणि वर फोनवर सांगितलं, “मामी, तुम्ही फक्त बॅग भरा.” आमच्याकडे खानदेशात जावई सासूला मामी म्हणतो. मी त्यांना जावईबापू म्हणते. रागावले असेन तर नुसतं बापू.

मी सुरतेच्या मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलं. आमच्या ह्यांची सगळी नोकरी लूमच्या कारखान्यात झाली. त्या खडखडाटात त्यांचे कान निम्मे गेले. त्यामुळे आमच्या घरात मी बोलते आणि हे मान डोलावतात, असा सुरतेच्या गोडादरा भागातल्या आमच्या सगळ्या सोसायटीचा समज आहे. तो खरा आहे.

बॅग भरणं मला नवं नव्हतं. सुरत ते धुळे हा प्रवास इतक्या वेळा केलाय, की पिशवीत काय कुठे ठेवायचं ते हात आपोआप ठरवतात. विमानाचं एवढंच, की वजन करावं लागतं. मी ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या घेतल्या, भाकरीसाठी कळण्याचं पीठ घेतलं, लाल तिखट, शेव, आणि वाटेत खायला दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या. ह्यांनी एक धोतर जास्तीचं टाकलं. कशाला, विचारलं तर म्हणाले, “असू दे.”

शारजाला संध्याकाळी उतरलो. बाहेर आल्यावर लेक गळ्यात पडली आणि बराच वेळ सुटली नाही. बारीक झाली होती. जावईबापूंनी ह्यांच्या पाया पडून बॅगा उचलल्या आणि मित्राकडून आणलेल्या गाडीत ठेवल्या. गाडी सुरू झाल्यावर ते म्हणाले, “मामी, घरी रंगकाम काढलंय. वास फार येतोय, मामांना खोकल्याचा त्रास होईल. म्हणून आजची रात्र तुमची सोय हॉटेलात केलीय. उद्या संध्याकाळी घरी नेतो.”

“रंग कुठला देताय?” मी सहज विचारलं.

“पांढरा,” लेक म्हणाली.

“पिस्ता,” जावईबापू म्हणाले.

दोघं एकाच वेळी बोलले. मग दोघंही गप्प झाले. गृहपाठाची वही कुत्र्याने फाडली, भावाने नेली, पावसात भिजली, हे सगळं ऐकून मी केस पांढरे केलेत. गाडीतली ती शांतता मला चांगलीच ओळखीची होती. पण पोरांनी एवढ्या हौसेने बोलावलेलं, तेव्हा पहिल्याच तासात उलटतपासणी नको, असं ठरवून मी खिडकीबाहेर बघत बसले.

हॉटेलचं नाव मात्र जावईबापूंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. जगभर शाखा असलेलं हॉटेल. लग्नाआधी ते सुरतेच्या कापड मार्केटात एका पेढीवर काम करायचे. तिथले शेठ परदेशी गेले की ह्याच नावाच्या हॉटेलात उतरायचे आणि परत आले की महिनाभर त्याच गोष्टी सांगायचे. तिथली गादी कशी, तिथला नाश्ता कसा, पाण्याची बाटलीसुद्धा माणूस ट्रेमध्ये घेऊन कसा येतो. “तेव्हाच ठरवलं होतं,” जावईबापू म्हणाले, “कधीतरी आपल्या माणसांना इथे उतरवायचं.”

हे ऐकून मलाही जरा ताठ बसावंसं वाटलं. मी पदर नीट केला.

हॉटेल आलं. इमारत मोठी होती, ह्यात शंका नाही. दारावरच्या नावातली दोन अक्षरं पेटत नव्हती. आत झुंबर होतं, त्याचेही निम्मे दिवे गेलेले. सोफा लाल मखमलीचा. ह्यांनी त्यावर बसायला म्हणून अंग टेकलं, तर ते आत आत जात राहिले. शेवटी जावईबापूंनी हात देऊन वर काढलं. काउंटरवर एक वयस्क गृहस्थ होते, ढिल्या टायचे. त्यांनी पासपोर्ट पाहिले आणि किल्ली दिली. कार्ड नव्हे, पितळी बिल्ला लावलेली जुनी किल्ली.

“मी वर येत नाही, आई,” लेक म्हणाली. “उशीर होतोय.”

“पाच मिनिटं?”

“उद्या भेटूच ना.” ती माझ्याकडे न बघता ह्यांच्या पाया पडली आणि निघाली.

खोलीचं दार उघडलं आणि ह्यांनी उंबऱ्यातच विचारलं, “हाऊ काय वास शे?”

खोलीभर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा होता. कधीकाळी निळा असावा. एसीखालचा त्याचा तुकडा ओला होता आणि पायाला पचपच लागत होता. वास तिथून येत होता, आणि त्यावर कुणीतरी मोगऱ्याचा फवारा मारलेला. एसीचं बटण भिंतीतून उपटून निघालेलं, वायरी लोंबत होत्या. त्यामुळे एसी कमी करायची सोयच नाही. खिडकीला जाड पडदा, पडद्यामागे काच, आणि काचेमागे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. फ्रिज चालू होता, म्हणजे आवाज करत होता. आतली बाटली कोमट. न्हाणीघरात पिवळी पडलेली आंघोळीची डोणी आणि कमोडशेजारी भिंतीवर टेलिफोन. तिथे बसून माणसाने कुणाला फोन करावा, ते मला अजून कळलेलं नाही. थंड पाण्याचा नळ सोडला तर इतकं कढत पाणी आलं, की मी हात मागे घेतला. तिकडच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या तापतात, हे नंतर कळलं. गरम पाण्याचा नळ फक्त खोकला.

हे पलंगावर बसले आणि म्हणाले, “एक रातनं तं काम शे.”

एका रात्रीचं तर काम आहे. खरंय. पण मी चप्पल घातली आणि खाली गेले. ज्या वस्तूचे पैसे कुणीतरी आपल्यासाठी मोजलेत ती वस्तू नीट मिळाली पाहिजे, आणि मागायला मला कधी लाज वाटलेली नाही.

“भाईसाब, कमरा बदल दीजिए,” मी काउंटरवर म्हटलं.

त्यांनी वाद घातला नाही. दुसरी किल्ली घेऊन ते स्वतः माझ्याबरोबर वर आले. दुसऱ्या खोलीत गालिचा कोरडा होता. एसी मात्र बंद होता, आणि छताचा एक पोपडा बरोबर उशीवर पडलेला. तिसरी खोली उघडली तर आत जुन्या गाद्यांची चळत लावून ठेवलेली. त्यांनी दार लगेच ओढून घेतलं.

“और?” मी विचारलं.

“और नहीं है, मॅडम. बाकी मंज़िलें बंद कर दीं.” ते किल्ल्यांचा जुडगा हातात धरून उभे राहिले. “पहले देखते आप. शादियाँ होती थीं नीचे. अब सब नए होटल में जाते हैं, समंदर की तरफ़.”

त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, राहू द्या, पहिलीच खोली बरी. पण चहाचं काही करा, आमच्या खोलीत किटली नाही. थोड्या वेळाने ते स्वतःची किटली घेऊन आले, काउंटरमागे ठेवलेली, आत त्यांच्याच चहाचा डाग. दोन कप, साखर, दुधाची पूड. मी त्यांना दोन दशम्या आणि शेव दिली. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

आम्ही पलंगावर वर्तमानपत्र पसरून जेवलो. ह्यांनी बॅगेतून ते जास्तीचं धोतर काढलं, गादीवर अंथरलं, कारण चादरीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि “जपी जाय आते” म्हणून आडवे झाले. झोप आता. त्यांना लगेच झोप लागली. एसी खडखडत होता, पण ज्याचा जन्म लूमच्या आवाजात गेला त्याला एसीचं काय? मी डोक्यावरून साडी घेऊन पडून राहिले. हॉटेलाचा राग केव्हाच गेला होता. लेक माझ्याकडे बघत का नव्हती, तेवढंच डोक्यात होतं.

सकाळी नाश्त्याला पांढरा पाव, थंड उकडलेली अंडी आणि यंत्रातून येणारी कॉफी होती. यंत्राने माझ्या कपात निव्वळ गरम पाणी सोडलं. ह्यांनी तीन अंडी खाल्ली. काउंटरवर गेले तर रात्रीचे गृहस्थ घरी गेलेले, आणि नव्या बाईने सांगितलं, की खोली दुपारी बारापर्यंतच आहे. जावईबापू येणार संध्याकाळी. म्हणजे मधल्या वेळात आम्ही त्या मखमली सोफ्यात बुडून बसायचं.

“चला,” मी ह्यांना म्हटलं.

“कोठे?”

“लेकीच्या घरी. पत्ता आहे माझ्याकडे. दिवाळीला फराळ पाठवला होता ना.”

“रंगना वास?”

“बघू तरी, पांढऱ्याचा येतो का पिस्त्याचा.”

टॅक्सीवाला पेशावरकडचा होता. पत्ता वाचून त्याने मान हलवली आणि वीस मिनिटांत एका सहा मजली जुन्या इमारतीपुढे उतरवलं. खाली किराणा दुकान, शेजारी केस कापायचं दुकान, वर प्रत्येक गॅलरीत कपडे वाळत घातलेले. मला एकदम बरं वाटलं. अशा इमारती मला कळतात.

तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार एका अनोळखी बाईने उघडलं. कडेवर मूल, मागे हॉलमध्ये उघड्या बॅगा, कपड्यांचे ढीग, दोरीने बांधलेलं खोकं. मला वाटलं, दार चुकलं. रंगाचा वास तर कुठेही नव्हता; फोडणीचा होता.

“आप उसकी मम्मी हैं!” बाई एकदम म्हणाली. “बिल्कुल वैसी ही शकल. आइए, आइए. आप लोग तो शाम को आने वाले थे ना? हम तो आज रात की फ़्लाइट से हैदराबाद जा रहे हैं, फिर दोनों कमरे आपके ही हैं.”

ती भाबडेपणाने बोलली आणि आम्हाला बसायला जागा करू लागली. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडून लेक बाहेर आली. ओले केस, हातात टॉवेल. आम्हाला बघून ती जागीच थांबली. मग परत आत गेली, आणि मी तिच्या मागे गेले.

ती एक खोली. पलंग, कपाट, कपाटावर बॅगा, खिडकीच्या कट्ट्यावर देव. देवांपुढे ताजं फूल. दारामागे खिळ्यावर जावईबापूंचा इस्त्रीचा शर्ट. स्वच्छ, टापटीप खोली.

“मग रंगकाम?” मी विचारलं.

लेक रडायला लागली. रडत रडतच तिने सांगितलं. लग्न ठरलं तेव्हा दोन खोल्यांचा फ्लॅट खरंच त्यांच्या एकट्याचा होता. पुढच्या वर्षी जावईबापूंची कंपनी बदलली, भाडं वाढलं, आणि त्यांनी एक खोली ह्या हैदराबादच्या कुटुंबाला दिली. स्वयंपाकघर दोघांचं मिळून. घरी कुणाला सांगितलं नाही. आम्ही येणार ठरलं तेव्हा ते कुटुंब सुट्टीवर निघणारच होतं; फक्त तारखेत एका दिवसाचा फरक पडला. तो एक दिवस झाकायला हॉटेल.

“आणि ते आल्यावर मग?”

“तोपर्यंत तुम्ही परत गेला असता.”

मला राग आला होता, हे सांगायला हवं. खोलीचा नाही. आम्ही गोडादऱ्याला आलो तेव्हा एका खोलीत सासू-सासरे, दीर आणि आम्ही होतो. हिचा जन्म तिथलाच. राग आला तो मला पाहुणीसारखं बाहेर ठेवल्याचा. लेकीच्या घरी आले आणि रात्रभर परक्याच्या गादीवर पडले. मी तिला तसं सरळ सांगितलं.

“आई, त्यांना वाटलं तुम्हाला आवडेल,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुम्ही दोघं कधी हॉटेलात राहिला नाहीत. नुसतं झाकायलाच असतं, तर कुणा मित्राकडेही सोय झाली असती. पण ते म्हणाले, मामा-मामींना चांगल्या ठिकाणी उतरवू. किती दिवस बघत होते ते हॉटेल.”

मी तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि तिचे केस पुसून दिले. मग म्हटलं, “लाव फोन जावईबापूंना. अर्धी रजा टाकून या म्हणावं. मी स्वयंपाक करते.”

ते तासाभरात आले. धावत जिना चढले असणार, श्वास लागला होता. हे हॉलमध्ये हैदराबादच्या पोराला मांडीवर घेऊन बसले होते आणि त्या बाईचा नवरा खोकं आवळत होता. जावईबापूंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि दारातच उभे राहिले.

“बापू, आत या,” मी म्हटलं.

नुसतं बापू ऐकून त्यांचा चेहरा उतरला. ते आले, पण बसेनात. “मामी, लग्नात मी दोन खोल्या सांगितल्या होत्या…”

“सांगितल्या होत्या. तेव्हा होत्याही. आता एक आहे. ती मी बघितली, चांगली आहे. माझ्या लेकीच्या ताटात जेवण आहे, देवापुढे फूल आहे. मला आणखी काय बघायचं होतं? पण बापू, पुन्हा आमच्यापासून काही लपवायचं असेल तर आधी दोघांनी मिळून रंग तरी ठरवा.”

लेकीला हसू फुटलं. जावईबापू खाली बघत होते. मग हळूच त्यांनी विचारलं, “हॉटेल… बरं होतं ना?”

“माले तं मस्त जप लागनी,” हे म्हणाले. आपल्याला छान झोप लागली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जावईबापूंच्या डोळ्यांत एवढी आशा होती, की खोटं बोलणं सोपं होतं. पण मी ते केलं नाही. त्या घरात तोवर खोटं पुष्कळ झालं होतं.

“भिकार होतं,” मी म्हटलं. मग ओला गालिचा सांगितला, कढत नळ सांगितला, उशीवरचा पोपडा, गाद्यांची चळत आणि कमोडशेजारचा फोन सांगितला. फोनापर्यंत येईतो हैदराबादची बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. जावईबापूंनी कपाळाला हात लावला.

“शेठ तर म्हणायचे…”

“शेठ ह्या शारजाच्या हॉटेलात कधी उतरले होते?”

त्यांनी आठवून पाहिलं. “मी पेढीवर लागलो, त्याच्याही आधी.”

“मग शेठचंही खरं आणि आमचंही खरं. बसा जेवायला.”

मी शेवभाजी केली होती, खानदेशी, तेल वर येईल अशी. हैदराबादच्या बाईने भात आणि दह्याची कढी केली. हॉलमध्ये बॅगांच्या मधल्या जागेत आम्ही सगळे जमिनीवर बसलो. तिखटाने तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने तीनदा घेतली. जावईबापू पहिल्यांदा पोटभर बोलले ते त्या जेवणावर. कंपनी का बदलली, तेव्हा किती रात्री झोप नव्हती, सगळं. हे कान पुढे करून ऐकत होते. कितपत ऐकू आलं ठाऊक नाही, पण शेवटी त्यांनी जावईबापूंच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

रात्री ते कुटुंब निघालं. जाताना बाईने आपल्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “अलमारी में धुली हुई चादरें हैं, बेझिझक ले लीजिए.” मी तिला बिबड्यांचा एक गठ्ठा बांधून दिला. पुढचे दिवस आनंदात गेले. समुद्र पाहिला, सोन्याचा बाजार पाहिला, काही विकत न घेता. संध्याकाळी मी आणि लेक खालच्या दुकानातून भाजी आणायचो.

निघताना विमानतळावर जावईबापूंनी मला बाजूला घेतलं. “मामी, आमच्या आईला हे सांगू नका. ती मनाला लावून घेईल.”

“मी आपणहून सांगणार नाही,” मी म्हटलं. “पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. त्यापेक्षा तुम्हीच सांगा.”

ते हो म्हणाले. पण त्यांचं हो मला गाडीतल्या पिस्त्यासारखं वाटलं.

सुरतेला आल्यावर चार दिवसांनी आम्ही खजूर घेऊन सुरतेतच कोसाडला विहीणबाईंकडे गेलो. रिक्षात मी मनाशी उत्तरं जुळवत होते. घर कसं आहे? चांगलं आहे. किती मोठं? पुरेसं आहे. पण विहीणबाईंनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि मला संधीच दिली नाही.

“एकाच खोलीत राहातात ना?” त्या म्हणाल्या.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. “जावईबापू बोलले?”

“तो काय बोलतोय! दोन वर्षं झाली, जेव्हा बघावं तेव्हा फोनमध्ये त्याच्या मागे तेच कपाट. पोरगा स्वयंपाकघरातून बोलत नाही, हॉलमधून बोलत नाही. लपवतोय ते आईला कळत नाही का?”

“मग विचारलं का नाही तुम्ही?”

“म्हटलं, त्याला लाज वाटतेय तोवर नको विचारायला.” त्यांनी खजुराचा डबा बाजूला सरकवला. “खोली कशी आहे?”

“झकास आहे,” मी म्हटलं, आणि पिशवीतून फोन काढून तिथल्या तिथे लावला. जावईबापूंनी उचलला. मागे कपाट होतंच.

“जावईबापू, मी कोसाडला आहे. तुमच्या आईला सगळं माहीत आहे, केव्हापासूनच. घ्या, बोला.”

आणि फोन विहीणबाईंच्या हातात देऊन मी चहा ठेवायला आत गेले. मग विहीणबाईंचा चढा आवाज आला, “ते कपाट सोड आता, आणि घर दाखव सगळं. मोरीसुद्धा.” मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा फोनवर हैदराबादची बाई होती. सुट्टीहून परतली होती, कडेवर पोर घेऊन नमस्ते करत होती, आणि विहीणबाई तिला आपल्या मोडक्या हिंदीत विचारत होत्या, आज भाजी कुठली केली.